७० ला थरथर, खड्ड्यात वॉब्लिंग, मध्ये दोन इंच प्ले: स्टिअरिंग बॉक्स खरंच बदलावा लागेल का?

सत्तरीकर

२००९ ची डिझेल पिकअप आहे. पुढे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि सरळ अ‍ॅक्सल, पॉवर स्टिअरिंग, पुढे डिस्क, मागे ड्रम, टायर २१५/७५ आर १५. वाळपईहून नारळ, केळी, सुपारी भरून साखळी, डिचोली, अस्नोडा करत म्हापशाच्या बाजारात जाते, अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगावला. माल टनाच्या आसपास, परतताना बहुतेक वेळा रिकामी.

त्रास असा. ६५ ते ७५ च्या दरम्यान स्टिअरिंग बारीक थरथरतं, ८० ला कमी होतं. ४०-४५ ला डावं चाक खड्ड्यात गेलं की कधीकधी अख्खं स्टिअरिंग डावी-उजवीकडे जोरात झटके मारतं आणि वेग १५-२० वर येईपर्यंत थांबत नाही. शिवाय चाकं सरळ असताना स्टिअरिंगच्या कडेला ५५ मि.मी. प्ले (चाकं न हलता स्टिअरिंग मोकळं फिरणं) भरतो. रिकामी गाडी रस्त्यावर भटकते, सारखी सावरावी लागते. भरली की बरीच सरळ जाते.

अलीकडची कामं: मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा, पुढचे दोन टायर नवे, व्हील बॅलन्सिंग, नवा स्टिअरिंग डँपर. डँपर घातल्यावर झटके कमी झाले, गेले नाहीत. गॅरेजमध्ये सांगतात की स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारा गिअर) संपला, नवीन घाला. तो खर्च मोठा आहे आणि पासिंगही जवळ आलंय. बॉक्सला हात लावण्याआधी काय तपासावं आणि कुठून सुरुवात करावी? घरी जॅक, दोन घोड्या, टॉर्क पाना आणि ग्रीस गन आहे.

किंगपिन_४०

बॉक्स सगळ्यात शेवटी. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला तीन वेगळे दोष दिसतात आणि त्यांची मुळंही वेगळी आहेत. तिघांना मिळून एकच उपाय शोधला की बॉक्स बदलूनही थरथर तशीच राहते.

आधी ७० ची थरथर. ठरावीक वेगाला येते आणि वेग वाढल्यावर कमी होते, म्हणजे दोष चाकात आहे, लिंकेजमध्ये (बॉक्सपासून चाकांपर्यंतच्या दांड्यांत) नाही. तुमच्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर. ७० च्या वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ ९ फेरे घेतं. रिमच्या आतल्या कडेला १०० ग्रॅम माती चिकटलेली असली तर त्या वेगाला ती दर फेऱ्यात साडेपाच किलोच्या आसपास ओढ देते, सेकंदाला ९ वेळा. हातात जाणवते ती हीच. म्हणून पहिलं काम फुकटचं आहे: पुढची दोन्ही चाकं काढा आणि आतल्या बाजूने रिम घासून धुवा. सत्तरी-डिचोलीच्या रस्त्यांवरची तांबडी माती पावसात रिमच्या आत बसते आणि वाळली की सिमेंटसारखी घट्ट होते. बाहेरून रिम स्वच्छ दिसते. बॅलन्सिंगवाल्याने ती न काढताच वजनं लावली असतील तर पुढे मातीचा एखादा ढेकूळ गळून पडला की बॅलन्सिंग तिथेच बिघडलं. त्यामुळे धुतल्यावर बॅलन्सिंग पुन्हा करावंच लागेल, जुन्या वजनांवर विसंबू नका.

रिम स्वच्छ असूनही थरथर राहिली तर चाक जॅकवर घ्या, घोडीला एक तार बांधून तिचं टोक रिमच्या कडेजवळ आणा आणि चाक हळू फिरवा. तार आणि रिम यांमधली फट दीड मि.मी.पेक्षा जास्त कमी-जास्त होत असेल तर रिम वाकडी आहे. तीच तार टायरच्या नक्षीवर धरून टायर गोल आहे का तेही बघा. टायरला एका जागी फुगवटा दिसला तर आतले पट्टे सुटलेत. तो टायर बॅलन्स करून सुधारत नाही आणि पुढच्या चाकावर तर ठेवूच नये. रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) टायरही पुढे नको. नव्या टायरवरचा चार आकड्यांचा छाप वाचून घ्या: २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायरही ‘नवा’ म्हणून विकला जातो.

अजून एक सोपी चाचणी. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने बघा. थरथर हातातून जाऊन सीटखाली आली तर चाकं दोषी. जागा बदलली नाही तर हब, डिस्क किंवा नटांच्या बैठकीकडे वळा. नट एकाआड एक करत, चाक हवेत असताना आधी हलके बसवून मग जमिनीवर टॉर्कने आवळायचे. एकाच बाजूचे नट आधी आवळले तर चाक हबवर तिरकं बसतं आणि बॅलन्सिंग मशीनवर ते कधीच दिसत नाही.

प्रोपेलर शाफ्टची शंका घेऊ नका. तो चाकाच्या चौपटीच्या आसपास फिरतो, त्याची कंप खूप बारीक असते आणि स्टिअरिंगपेक्षा फरशीत आणि सीटमध्ये येते. ब्रेक मारल्यावरच थरथर येत असती तर मी डिस्क बघा म्हटलं असतं. तुमचं तसं नाही.

आता खड्ड्यातले झटके. सरळ अ‍ॅक्सलच्या गाडीत दोन्ही चाकं एका टाय रॉडने बांधलेली असतात. एका चाकाला धक्का बसला की दुसरंही वळतं, आणि मध्ये कुठे ढिलेपणा असला की चाकं परत येताना मध्यावर न थांबता पलीकडे जातात, मग उलट. हे एकदा सुरू झालं की वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. कारणं बहुधा ही: किंगपिनचे (ज्या पिनवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिचे) बुश, टाय रॉड एंड, ड्रॅग लिंकचे (बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे) बॉल जॉइंट, हबची बेअरिंग, शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या कडीचे) बुश. डँपर हे कारणही नाही आणि इलाजही नाही. तो झटके दाबून ठेवतो आणि तेवढ्या काळात किंगपिन आणखी झिजते. म्हणून तपासणीपुरता डँपर एका टोकाने सोडून ठेवा, नाहीतर ढिलेपणा नीट दिसणार नाही. डँपर सोडलेला असताना गाडी रस्त्यावर मात्र नेऊ नका.

किंगपिन आणि बेअरिंग यांतला फरक असा ओळखा. मागच्या चाकांना ओट (चाक घरंगळू नये म्हणून अडणी) लावा, पुढचं अ‍ॅक्सल जॅकने उचलून घोडीवर ठेवा. चाक वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर, आतबाहेर हलवा. प्ले लागला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. टायरच्या कडेला दिसणारी हालचाल फसवी असते: टायरचा व्यास ७०० मि.मी. आणि किंगपिनच्या वरच्या-खालच्या बुशांमधलं अंतर त्याच्या जेमतेम पाचवा भाग. म्हणजे कडेला ५ मि.मी. हललं तर बुशमध्ये १ मि.मी. झीज आहे. नवीन बुशमध्ये फट ०.०५ मि.मी.च्या घरात असते. ५ मि.मी. म्हणजे ‘थोडंसं’ नाही.

राहिला प्ले. ५५ मि.मी. मोजला तेव्हा इंजिन चालू होतं की बंद? पॉवर स्टिअरिंगच्या बॉक्समध्ये आत टॉर्शन बार आणि व्हॉल्व्ह असतो. इंजिन बंद असताना त्याचा पीळही प्लेमध्ये मोजला जातो आणि आकडा उगाच मोठा येतो. इंजिन चालू, चाकं जमिनीवर, सरळ. पट्टी डॅशबोर्डला टेकवा, स्टिअरिंग एका बोटाने हलवा आणि चाक हलायला लागेपर्यंतचं अंतर घ्या. बॉक्सच्या जुन्या गाडीत २५ ते ३० मि.मी. चालवून घेण्यासारखं, त्यावर शोध घ्यायचा.

शोध घेताना एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं, लयीत हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली एकेक जोड हाताने चाचपायचा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, ओट लावलेले, आणि खालच्याने बोटं लिंकच्या खोबणीत घालायची नाहीत. वरून खाली जा: कॉलमचा क्रॉस जॉइंट, बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट, बॉक्समधून बाहेर आलेला ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंकची दोन टोकं, टाय रॉडची दोन टोकं. ज्या जोडाच्या अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा उशिरा हलतो, तो जोड गेला. बॉक्स दोषी तेव्हाच म्हणायचा जेव्हा आत जाणारा शाफ्ट फिरतो आणि ड्रॉप आर्म तसाच उभा असतो.

घाटमाथा

बॉक्सच्या वरच्या अ‍ॅडजस्टिंग स्क्रूला पाव फेरा दिला की प्ले जातो. ५ मिनिटांचं काम आहे, आधी ते करून बघा.

फोंडा_लेथ

घाटमाथा भाऊ, हा सल्ला कृपया मागे घ्या. पाव फेरा पुष्कळ जास्त आहे, आणि आधी तर मुळीच नाही.

बॉक्स झिजतो तो मध्यावर, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ जाते. दोन्ही टोकांना दाते जवळजवळ नवे राहतात. स्क्रू आवळून मध्याचा प्ले काढला की टोकांकडे दाते एकमेकांना जाम धरतात. परिणाम काय, तर वळणातून बाहेर येताना स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. चोर्ला घाटासारख्या एकामागून एक वळणांच्या रस्त्यावर भरल्या गाडीचं स्टिअरिंग वळणात अडकणं म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय प्ले दुसऱ्याच जोडात असताना स्क्रू आवळला तर चांगला बॉक्स आपल्या हाताने खराब होतो.

लिंकेज, किंगपिन सगळं नीट झाल्यावरही बॉक्समध्ये प्ले राहिला तरच स्क्रूला हात लावायचा. ड्रॅग लिंक सोडून, बॉक्स बरोबर मध्यावर आणून, लॉक नट सैल करून स्क्रूला एक अष्टमांश फेरा, त्याहून जास्त नाही. स्क्रू हलू न देता लॉक नट आवळायचा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं. कुठेही अडखळलं तर स्क्रू परत मागे. अडखळत नाही पण प्लेही जात नाही, म्हणजे मग खरंच बॉक्स उघडायची वेळ आली. सोबत बॉक्सखालचं सील बघा, तिथे तेल झिरपत असेल तर आतलं बेअरिंगही बहुधा ढिलं झालेलं असतं.

किंगपिन बदलायची वेळ आली तर काम कोणाकडे देता याला फार महत्त्व आहे. नवे बुश नकलमध्ये (किंगपिनवर वळणारा, चाकाचा हब धरणारा तुकडा) दाबून बसवले की त्यांचं भोक थोडं आवळतं, ते रीमरने साफ करावं लागतं. वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने, एका रेषेत. वेगवेगळे रीम केले तर पिन तिरकी चालते आणि स्टिअरिंग जड होतं. हातोडीने पिन ठोकून घालणाऱ्याकडे जाऊ नका. पिन ग्रीस लावून अंगठ्याच्या दाबाने जायला हवी, पण डुलायला नको.

दुसरी चूक याहून नेहमीची. बुशला ग्रीससाठी एक भोक असतं. ते नकलच्या निपलच्या भोकासमोर यायला हवं. बुश थोडा फिरून बसला की निपलमधून ग्रीस आत जातच नाही. गन मारताना जड लागतं, ग्रीस बाजूने बाहेर येतं, मालकाला वाटतं ग्रीसिंग झालं, आणि किंगपिन वेळेआधीच संपते. बुश दाबल्यावर निपलच्या भोकातून बारीक तार घालून ती आत पोचते का ते स्वतः बघून घ्या.

थ्रस्ट बेअरिंगची झाकलेली बाजू वर, म्हणजे पाणी-माती आत जात नाही. नकलचा वर-खाली प्ले शिमने (पातळ चकत्यांनी) ०.१ ते ०.२५ मि.मी. ठेवतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

पाटेवाला

सगळे पुढे बघतायत. मला तुमचं ‘मागे एकेक जादा पाटा’ हे वाक्य महत्त्वाचं वाटतं. रिकामी असताना भटकते, भरली की सरळ जाते, याचं उत्तर तिथे आहे.

किंगपिन उभी नसते, तिचं वरचं टोक थोडं मागे कललेलं असतं. त्या कलाला कॅस्टर म्हणतात. चाकं आपोआप सरळ येतात ती यामुळे. मागे जादा पाटा टाकला की गाडीचा मागचा भाग वर जातो, सगळी चासी नाकावर झुकते आणि किंगपिनचा कल तेवढाच कमी होतो. २.७ मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) गाडीचा मागचा भाग ५० मि.मी. वर गेला तर कॅस्टर सुमारे १ अंशाने घटतो. मुळात तो दोन-तीन अंशांचाच असेल तर १ अंश फार झाला. माल भरला की मागचा भाग खाली बसतो आणि कॅस्टर परत मिळतो, म्हणून भरल्यावर बरी चालते.

सपाट जागी गाडी रिकामी उभी करा आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून वर बॉडीपर्यंतचं अंतर मोजा. जादा पाटा बसवण्यापूर्वीचं माप नसेल तर तशाच, पाटा न टाकलेल्या गाडीचं घ्या. फरक ३०-४० मि.मी.च्या वर असेल तर तो पाटा काढून त्याजागी हेल्पर टाका. हेल्पर रिकाम्या गाडीत टेकत नाही, माल आल्यावरच काम करतो. आणि हे लक्षात असू द्या की पाटा वाढवल्याने गाडीची क्षमता वाढत नाही. अ‍ॅक्सल, ब्रेक, टायर तेच राहतात आणि आरसी बुकावरचं वजनही तेच.

काही जण पुढे पाचर घालून कॅस्टर भरून काढतात. पाटे अ‍ॅक्सलच्या वर असतील तर पाचरीची जाड बाजू मागे गेली पाहिजे, पाटे खाली असतील तर पुढे. उलटी बसली तर आहे तो कॅस्टरही जातो. माझं मत असं की दोष मागे तयार झाला असेल तर पुढे पाचर घालू नये. आणि कॅस्टर वाढवतच गेलं तर झटक्यांचा त्रास उलट वाढतो.

पाटा टाकताना मागचे यू बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे) सोडलेले असणार. ते माल भरून चालवल्यावर पुन्हा आवळले होते का? पाट्यांमधला रंग, माती, गंज दबला की यू बोल्ट ढिले होतात, सेंटर बोल्ट (पाट्यांच्या मधोमध, अ‍ॅक्सल जागेवर ठेवणारा) कातरतो आणि मागचं अ‍ॅक्सल एका बाजूने पुढे-मागे सरकतं. तेव्हा मागचं अ‍ॅक्सलच गाडीला वळवू लागतं आणि ड्रायव्हरला वाटतं स्टिअरिंग ढिलं आहे. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर टेपने मोजा. डावी-उजवीकडे ५ मि.मी.पेक्षा जास्त फरक आला तर सेंटर बोल्ट बघा.

मासळीगाडी

एक गोष्ट राहिली. बॉक्स चासीला जिथे बसतो ती जागा. किनाऱ्याजवळ, मासळीच्या धंद्यात किंवा चोडण-दिवाडीच्या फेरीवर चालणाऱ्या गाड्यांत ही जागा आधी सडते. फेरीच्या धक्क्यावर भरतीचं खारं पाणी खालून उडतं, मासळीच्या खोक्यांतलं बर्फाचं पाणी चासीवर गळतं. तुमची गाडी वाळपईची असली तरी २००९ ची आहे. आधी ती कुठे चालली ते आरसीवरून पूर्ण कळत नाही.

इंजिन चालू ठेवून कोणाला तरी स्टिअरिंग हलवायला सांगा आणि हात बॉक्सवर नाही, बॉक्स आणि चासीच्या मधल्या फटीवर ठेवा. बॉक्सच हलत असेल तर प्ले तिथेच सापडला. बोल्टच्या डोक्याभोवती तांबडी गंजाची रेघ ओघळलेली किंवा धातू चकाकताना दिसला तर तो बोल्ट आतल्या आत सरकतोय. रंगाला केसासारखी चीर दिसली तर तारेच्या ब्रशने घासा, चीर चासीत आहे की फक्त रंगात ते कळेल. लहान हातोडीने ठोकून बघा: चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा बोदा.

चासीची चीर योग्य वेल्डर प्लेट घालून दुरुस्त करू शकतो. ड्रॅग लिंक, टाय रॉड, ड्रॉप आर्म, नकल यांना मात्र वेल्डिंग कधीच नाही, तापवून सरळ करणंही नाही. तो भाग मोडला तर स्टिअरिंग हातात नुसतं फिरत राहतं. कोणी स्वस्तात करून देतो म्हणाला तरी नको.

सत्तरीकर

सगळ्यांना देव बरें करूं. तपासणी झाली, मापं अशी.

प्ले इंजिन बंद ५५, चालू ठेवून ३६ मि.मी. पुढच्या दोन्ही रिममध्ये आतून माती होती, डावीकडे जास्त. डावं चाक १२-६ वर कडेला ६ मि.मी. हलतं, ब्रेक दाबून ५. उजवं १ च्या आत. ड्रॅग लिंकच्या ड्रॉप आर्मकडच्या टोकाचं रबर फाटलंय, तो जोड वर-खाली हलताना दिसतो. टाय रॉडची टोकं ठीक. बॉक्सच्या चार बोल्टांपैकी दोन आवळले गेले, पैकी एक जवळजवळ अर्धा फेरा. चासीला चीर नाही. बॉक्समध्ये शाफ्ट आणि ड्रॉप आर्म एकदम हलतात. मागची उंची आमच्याच वाड्यावरच्या तशाच गाडीपेक्षा ४५ मि.मी. जास्त. दोन्ही बाजूंचं व्हीलबेस सारखं.

दोन प्रश्न. किंगपिन फक्त डावीकडची बदलली तर चालेल का? आणि कामांचा क्रम काय ठेवू, म्हणजे अलाइनमेंटचे पैसे दोनदा जाणार नाहीत?

किंगपिन_४०

बॉक्स वाचला. शाफ्ट आणि ड्रॉप आर्म एकदम हलतात म्हणजे त्याला काही झालेलं नाही. जास्तीचा प्ले बोल्ट आणि ड्रॅग लिंकमध्ये होता, ३६ चा आकडा आता खाली यायला हवा.

किंगपिन दोन्ही बाजूंच्या बदला. उजवी आज ठीक आहे, पण दोन्हींना सारखेच खड्डे आणि सारखंच पाणी लागलंय. अ‍ॅक्सल उघडलेलं असताना उजवीकडचे बुश वाढीव खर्चात थोडकेच पडतात. नंतर एकटीसाठी पुन्हा सगळं सोडायचं म्हणजे मजुरी दुप्पट. ब्रेक दाबल्यावर ६ चे ५ झाले, म्हणजे डाव्या बेअरिंगमध्येही थोडा प्ले आहे. हब उतरणारच आहे तर बेअरिंग धुऊन बघा. रोलरवर निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर बाहेरच्या कपासकट बदला. बसवताना हब फिरवत नट आवळून बेअरिंग बसवून घ्यायचं, मग पाव फेरा मागे, मग बोटाने लागेल तेवढाच आवळायचा आणि नवी स्प्लिट पिन. फार घट्ट ठेवलं तर घाटात तापून जळतं.

ड्रॅग लिंकचं टोक काढताना आट्यांवर हातोडी मारू नका. ओढणी लावा, किंवा आर्मच्या डोळ्याला दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोन हातोड्या मारा, टेपर सुटतो. नवं बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ. नट टॉर्कला आवळल्यावर पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा पुढे न्यायचा. भोक जुळावं म्हणून नट कधीच मागे सोडायचा नाही. जुनं टोक किती आटे आत होतं ते मोजून नवं तेवढंच आत घाला, म्हणजे स्टिअरिंग वाकडं होणार नाही.

क्रम असा ठेवा. बॉक्सचे चारही बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला, नव्या स्प्रिंग वायसरसह. मग किंगपिन, बेअरिंग, ड्रॅग लिंक. मग मागचा पाटा. तो अलाइनमेंटच्या आधीच व्हायला हवा, कारण मागची उंची बदलली की कॅस्टर बदलतो आणि आधी घेतलेलं माप फुकट जातं. त्यानंतर धुतलेल्या रिमवर बॅलन्सिंग, आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. सरळ अ‍ॅक्सलमध्ये अलाइनमेंटवाला फक्त टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित जवळ असणं) बदलू शकतो, तरी त्याच्याकडून दोन्ही बाजूंच्या कॅस्टरची मापं छापून घ्या. दोन्हींत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक आला तर पुढचा एखादा पाटा बसलाय किंवा अ‍ॅक्सलला पीळ आहे.

दुकानात जाईपर्यंत टो-इन घरीही जवळपास आणता येतो. गाडी सपाट जागी थोडी पुढे ढकलून थांबवा, मागे नाही. पुढच्या दोन्ही टायरांच्या नक्षीच्या मध्यावर, हबच्या उंचीवर, मागच्या बाजूला खडूने खूण करून दोन खुणांमधलं अंतर घ्या. मग चाक अर्धा फेरा फिरेल एवढी गाडी पुढे न्या आणि त्याच खुणा पुढच्या बाजूला आल्यावर पुन्हा मोजा. पुढचं माप मागच्यापेक्षा १ ते ३ मि.मी. कमी असावं. टाय रॉडच्या एका टोकाचे आटे उलटे असतात, त्यामुळे दोन्ही क्लँप सैल करून रॉड फिरवला की लांबी बदलते. क्लँप पुन्हा आवळायला विसरू नका.

डँपर परत जोडा. आता तो त्याचं खरं काम करेल.

फोंडा_लेथ

ग्रीसिंगबद्दल जोडतो. जमिनीवर उभ्या गाडीत ग्रीस मारलं तर भार असलेल्या बाजूला ते पोचत नाही. अ‍ॅक्सल उचला, चाक डावी-उजवीकडे पूर्ण वळवत मारा. जुनं, पाणी मिसळलेलं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत थांबू नका. लिथियम ईपी २ चालेल. उन्हाळ्यात दोन महिन्यांनी पुरतं, पण जून ते सप्टेंबर दर महिन्याला, आणि गाडी पाण्यात बुडाली असेल तर त्याच आठवड्यात. ग्रीस मारल्यावर निपलवर रबरी टोपी ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी गन मातीच आत ढकलते.

पाटेवाला

पाटा काढून हेल्पर घातलात की मागचे यू बोल्ट त्या दिवशी रिकाम्या गाडीत आवळा, मग पहिल्या फेरीत माल भरलेला असतानाच पुन्हा टॉर्कला लावा, आणि ५०० कि.मी.नंतर तिसऱ्यांदा. यू बोल्ट नवेच घ्या, जुन्यांचे आटे ताणलेले असतात. ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पासिंग दरवर्षी लागतं, तेव्हा तिसरं आवळणं पासिंगच्या आधी होईल असं बघा.

सत्तरीकर

ठीक. किंगपिन सेट, बेअरिंग, ड्रॅग लिंकचं टोक आणि यू बोल्ट फोंड्याहून मागवतो. रीमिंगच्या वेळी निपलमधून तार घालून स्वतः बघेन. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून प्ले किती उरला आणि अलाइनमेंटच्या छापील मापात दोन्ही बाजूंचा कॅस्टर किती आला, ते इथेच टाकतो.